खेळणाऱ्याच्या हातात गोष्ट किती?



मला आकाशवाणीवर बोलावतात ते बहुधा कवितेवर बोलायला. आज मात्र मी संगणकावरच्या खेळांविषयी बोलणार आहे. मी स्वतः असा एकही खेळ खेळत नाही. माझी बोटं त्या वेगानं चालत नाहीत आणि डोळ्यांना चष्मा लागून बरीच वर्षं झाली. तरीही या विषयानं मला काही महिने झोपू दिलं नाही. त्याचं कारण माझा भाचा.

२०२४ सालचा रमजान. मी बहिणीकडे मिरजेला मुक्कामाला होतो. पहाटे सहरीसाठी उठलो, तर भाच्याच्या खोलीत उजेड दिसला. पोरगं रात्रभर जागंच होतं. डोक्यावर हेडफोन, समोर पडदा. मला पाहताच तो खुर्चीतून उडालाच. म्हणाला, "मामू, क्रीक घेतला! आम्ही ग्रह परत घेतला!"

मी विचारलं, "तुम्ही म्हणजे किती जण?"

"कितीतरी, मामू. जगभरातून."

आता माझी जीभ अशी की नको तिथे चालते. मी म्हणालो, "मग तू एकटा नसतास, तर तो ग्रह मिळाला नसता का?"

तो काही बोलला नाही. हेडफोन काढून ठेवला आणि जेवायला येऊन बसला. अर्धी भाकरी खाऊन उठला. बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं पाणी गिळवेना.

तिनं नंतर सांगितलं ते असं. पदवी घेऊन पोराला दीड वर्ष झालं होतं. मुलाखती झाल्या, 'कळवतो' म्हणून सांगितलं गेलं, पण कळवलं कुणीच नाही. दिवसभर घरात तो कुणाशी बोलत नसे. त्या खेळातच काय ती त्याला आशा दिसायची. आपण काही केलं की जगात काही हलतं, असं त्याला तिथे वाटत होतं. आणि मी बरोबर तिथेच बोट घातलं होतं.

दुपारी मी त्याच्या खोलीत गेलो. माफी कशी मागावी याची मनात जुळवाजुळव करत होतो. तोच आधी बोलला. "मामू, तुम्ही तीस वर्षं कविता लिहिताय. तुम्ही लिहिली नसती, तर काय अडलं असतं?"

प्रश्न तोडीस तोड होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग मी म्हणालो, "बाळा, मला हा खेळ काय आहे ते सांग. खरंच तुमच्यामुळे गोष्ट बदलते, की बदलली असं तुम्हाला वाटू देतात, ते आपण दोघं मिळून बघू." पुढचे काही दिवस रोज तराबीहनंतर आमची बैठक बसली. त्यानं खेळाचं सांगितलं, मी गोष्टीचं सांगितलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

पुस्तकातली गोष्ट एका वाचकाची असते. मी पुस्तक मिटलं की राजा तिथेच थांबतो. हजारो माणसं एकाच वेळी खेळतात त्या ऑनलाइन खेळाचं तसं नाही. मी झोपलो तरी तिथे बाजार भरतो, लढाया होतात. अशा खेळांचा मूळपुरुष १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी लिहिला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ही त्यांची नावं. त्यात चित्रं नव्हती, सगळं शब्दांत होतं. आज चित्रं आली, आवाज आले, पण तेव्हाची अडचण अजून तशीच आहे.

ती अडचण अशी. समजा गोष्टीत एक दुष्ट राजा आहे. मी त्याला मारलं. आता उद्या खेळायला येणाऱ्यानं कुणाला मारायचं? म्हणून खेळ बनवणारे एक युक्ती करतात. राजा मरतो आणि थोड्या वेळानं पुन्हा सिंहासनावर बसलेला दिसतो. पुढचा वीर येतो, त्यालाही तो मारू देतो. सगळेच वीर ठरतात आणि राज्य जिथल्या तिथे राहतं.

दुसरी अडचण हिशेबाची. खेळणाऱ्याला दहा ठिकाणी दोन-दोन वाटा दिल्या आणि त्या वाटा पुढे कुठेच एकत्र आणल्या नाहीत, तर १०२४ शेवट लिहावे लागतात. एवढं कोण लिहिणार? म्हणून वाटा फुटतात आणि चार पावलांवर पुन्हा एका रस्त्याला मिळतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गाजलेल्या अमेरिकी खेळात २००८ साली आणखी एक तोडगा ठळकपणे वापरला गेला. ज्यानं कामगिरी पार पाडली त्याला गाव बदललेलं दिसतं, ज्यानं पाडली नाही त्याला जुनंच दिसतं. दोघं शेजारी उभे असले तरी दोघांची गावं वेगळी. बदल झाला खरा, पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुरता.

याच खेळातला एक प्रसंग भाच्यानं मला सांगितला. त्यानं तो वाचलेला होता. तो घडला तेव्हा हा पाळण्यातून नुकता उतरला असेल. जानेवारी २००६. वाळवंटात अहन-किराज नावाचं एक बंद शहर. त्याचे दरवाजे उघडायचे तर आधी युद्धाची तयारी हवी. एकमेकांचे वैरी असलेल्या दोन्ही पक्षांतल्या खेळणाऱ्यांनी तांब्याच्या कांबी, चामडी, जखमेच्या पट्ट्या, शिजवलेलं अन्न असं ढिगानं जमा करायचं. प्रत्येक सर्व्हरवर, म्हणजे त्या जगाच्या प्रत्येक प्रतीत, वेगळा कोठा. कोठा भरला की माल पोचायला पाच दिवस. मग ज्यानं एक अवघड राजदंड मिळवला असेल त्यानं जाऊन घंटा वाजवायची. घंटा वाजली की दहा तासांचं युद्ध.

दरवाजा कधी उघडणार हे खरोखर लोकांच्या हातात होतं. काही सर्व्हरांवर तो लवकर उघडला, काहींवर कितीतरी उशिरा. पण उघडल्यावर काय होणार, हे आधीच लिहून ठेवलेलं होतं. राक्षस बाहेर येणार आणि दहा तासांनी युद्ध संपणार, ते कुठेही बदलणार नव्हतं.

हे ऐकताना मला कोकणातलं दशावतारी नाटक आठवलं. तिथे लिहिलेली संहिता नसते. नट रंगमंचावर उभं राहून संवाद मनानं रचतो. एका रात्री तो राक्षसाला असं बोलायला लावेल की देव निरुत्तर होईल आणि प्रेक्षक राक्षसाच्या बाजूनं टाळ्या वाजवतील. पण उजाडायच्या आत राक्षसाला मरावंच लागतं. आमच्या तरही मुशायऱ्याचंही असंच. एक ओळ ठरवून देतात. काफिया ठरलेला, रदीफ ठरलेला. प्रत्येक शायरानं त्याच जमिनीवर आपली गझल उभी करायची. मी भाच्याला म्हणालो, "ठरलेल्या चौकटीत करणं म्हणजे काहीच न करणं, असं नाही."

तो म्हणाला, "पण मामू, शायराला चौकट आधीच माहीत असते. आम्हाला सांगतात की शेवट तुमच्या हातात आहे."

पोरगं बरोबर बोललं. फरक तिथेच आहे. चौकट असण्याबद्दल कुणाची तक्रार नाही. चौकट लपवून 'निर्णय तुमचा' म्हणणं, ते माणसाला लागतं.

मग मी त्याच्या स्वतःच्या खेळाचं विचारलं. 'हेलडायव्हर्स २' हा स्टॉकहोमच्या ॲरोहेड कंपनीचा खेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. जगभरातले सगळे खेळणारे एकाच बाजूनं लढतात. प्रत्येक ग्रहापुढे टक्केवारी असते. लोक मोहिमा जिंकतात तशी ती वर चढते, शत्रूचा जोर ती खाली ओढतो. हा जोर किती ठेवायचा हे कंपनी ठरवते. तिथे त्यासाठी एक माणूस बसवलेला आहे, त्याला 'गेम मास्टर' म्हणतात. खेळणारे फार सहज जिंकायला लागले तर तो जोर वाढवू शकतो, फार हरायला लागले तर सैल सोडू शकतो.

"म्हणजे सूत्रधार आहेच," मी म्हणालो.

"आहे," तो म्हणाला, "पण तो आमच्याकडे बघत असतो."

त्यानं दिलेलं उदाहरण मॅलेव्हलॉन क्रीक या ग्रहाचं. दाट जंगल, अंधार, यंत्रमानवांची फौज. मोठे हुकूम दुसऱ्या ग्रहांचे सुटत होते, पण काही लोक हट्टानं तिथेच उतरत राहिले. मरत राहिले, पुन्हा उतरत राहिले. त्यातून त्यांच्यात गाणी, विनोद, जुन्या सैनिकांच्या थाटातल्या आठवणी तयार झाल्या. हे कंपनीनं लिहिलेलं नव्हतं. पुढे कंपनीनंच तो ग्रह परत घेण्याची मोहीम काढली. एप्रिलच्या सुरुवातीला ग्रह हाती आला आणि ३ एप्रिल हा त्या लढाईचा स्मरणदिन म्हणून खेळात जाहीर झाला. खेळणाऱ्यांना पाठीवर घालायला एक झूल मिळाली.

मे २०२४ मध्ये आणखी एक प्रसंग आला. खेळणाऱ्यांपुढे दोन कामं ठेवली गेली. एका ग्रहावर आजारी मुलांचं रुग्णालय होतं, तिथले लोक सोडवायचे. किंवा दुसरा ग्रह घेऊन रणगाड्यांविरुद्धचे सुरुंग मिळवायचे. मुलं वाचवून हातात काही पडणार नव्हतं, सुरुंग कामाला येणार होते. लोकांनी मुलं निवडली. ती मुलं नव्हतीच, आकडे होते. पण कंपनीनं त्यानिमित्त 'सेव्ह द चिल्ड्रन' या खऱ्या संस्थेला देणगी दिली. दोन्ही वाटा कंपनीनंच आखलेल्या होत्या, हे खरं. पण लोक कोणती वाट घेणार, हे कंपनीला आधी माहीत नव्हतं.

इथून आम्ही उलट बाजूनं शोधायला लागलो. कुणीच न लिहिलेली गोष्ट खेळात कधी घडली आहे का?

घडली आहे. ८ ऑगस्ट १९९७. 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ बाजारात यायच्या आधीची चाचणी चालू होती. खेळाचे जनक रिचर्ड गॅरियट स्वतः 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात प्रजेसमोर भाषणाला उभे राहिले. राजाला कुणी मारू शकू नये अशी सोय होती. पण सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि ती सोय चालू करायची राहून गेली. गर्दीतल्या एका खेळणाऱ्यानं आगीचा मंत्र टाकला आणि राजा पडला. आज तो खेळ न खेळलेल्यांनाही ही गोष्ट माहीत असते. लिहिणाऱ्याला, तो बेसावध असताना, त्याच्याच गोष्टीतल्या माणसानं मारलं, म्हणून ती लक्षात राहिली.

सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये एक रोगाचा शाप सुटला. तो एका राक्षसाच्या लढाईपुरता होता. पण खेळणाऱ्यांच्या पाळीव जनावरांना त्याची बाधा झाली आणि त्यांच्याबरोबर तो शहरांत पोचला. चौकाचौकांत सांगाडे पडले. काही जण आजाऱ्यांना बरं करायला धावले, काही शहर सोडून रानात गेले, काहींनी मुद्दाम रोग पसरवला. कंपनीनं लोकांना वेगळं ठेवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. शेवटी खेळात दुरुस्ती करूनच साथ थांबवावी लागली. साथरोगांचा अभ्यास करणाऱ्या एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी त्यावर २००७ साली 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात लेख लिहिला. २०२० साली कोरोना आला तेव्हा अनेकांना ही साथ आठवली. यंत्रातल्या एका चुकीतून खऱ्या माणसांचा स्वभाव बाहेर पडला होता.

पण मला सगळ्यात जास्त भिडली ती तिसरी हकिकत. 'अ‍ॅशरन्स कॉल' नावाचा खेळ १९९९ साली आला. दर महिन्याला त्यात गोष्टीचा नवा भाग यायचा. २००० साली गोष्ट अशा ठिकाणी आली की एका दुष्ट शक्तीला कोंडून ठेवणारे स्फटिक खेळणाऱ्यांनी फोडायचे. पुढची गोष्ट त्यावरच अवलंबून होती. इतर सर्व्हरांवर लोकांनी ते फोडले. थिसलडाउन नावाच्या सर्व्हरवर मात्र काही जणांनी विचार केला की ही शक्ती बाहेर येणं वाईट आहे, मग आपण ती सोडायची कशाला? ते शेवटच्या स्फटिकाभोवती पहाऱ्याला उभे राहिले. फोडायला येणाऱ्यांशी लढले. पाळ्या लावून रात्रंदिवस उभे राहिले.

गोष्ट लिहिणारे पेचात पडले. शेवट तर लिहून झाला होता. अखेर कंपनीला स्वतः मध्ये पडावं लागलं आणि स्फटिक फुटला. पहारेकरी हरले. पण त्यानंतर त्या सर्व्हरवर, त्या जागी, त्यांच्या नावानं एक स्मारक उभारलं गेलं. ते फक्त थिसलडाउनमध्ये होतं, दुसऱ्या कुठल्याच सर्व्हरवर नव्हतं.

हे सांगून भाचा गप्प झाला. मीही गप्प होतो. त्यांच्यामुळे गोष्ट बदलली की नाही? शेवट बदलला नाही. पण इतर सगळीकडे 'स्फटिक फुटला' एवढीच गोष्ट राहिली, आणि इथे 'काही माणसं आड आली, तरीही फुटला' अशी राहिली. मी कविता लिहिणारा माणूस आहे. मला ही दोन वाक्यं एक वाटत नाहीत.

शेवटचं उदाहरण आइसलँडचं. रेकयाविकच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला खेळ २००३ पासून चालू आहे. तिथली मोठी युद्धं कंपनी लिहीतच नाही. कंपनी खाणी, कारखाने, बाजार आणि नियम देते. तह, दगाबाजी, राज्यं हे सगळं लोक करतात. जानेवारी २०१४ मध्ये एका तारकामंडळाच्या ताब्यापोटी भरायची रक्कम वेळेवर भरली गेली नाही. एवढ्यावरून जी लढाई पेटली ती सुमारे २१ तास चालली. साडेसात हजारांहून अधिक खेळणारे तिच्यात गुंतले. सगळ्यात प्रचंड अशी ७५ जहाजं नष्ट झाली. नुकसान खऱ्या पैशांत मोजलं तर तीन लाख डॉलरच्या घरात गेलं. इतकी माणसं एका ठिकाणी आली की तो खेळ काळाचाच वेग कमी करतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे प्रत्येकाचा हुकूम ऐकला जावा. मला ही व्यवस्था फार आवडली. कंपनीनं त्या ठिकाणी जहाजांचे सांगाडे कायमचे ठेवून दिले. त्याच वर्षी रेकयाविकच्या बंदरात खेळणाऱ्यांची नावं कोरलेलं खरं स्मारकही उभं राहिलं.

तर श्रोतेहो, खेळणाऱ्याच्या हातात गोष्ट किती असते? माझं उत्तर असं. जिथे शेवट लिहिलेला आहे तिथे ती फार थोडी असते. जिथे वाटा आखून दिल्या आहेत तिथे थोडी जास्त. जिथे फक्त नियम दिले आहेत तिथे बरीच असते, पण तिथेही एकट्याच्या हातात क्वचितच असते. आणि कोणता खेळ कुठे बसतो हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. लोकांनी न लिहिलेलं काही केलं, तर बनवणारा काय करतो ते बघावं. तो ते पुसून टाकतो, की जागा करून देतो? ज्याची हरायची तयारी नाही त्यानं 'निर्णय तुमचा' असं म्हणू नये. हे खेळापुरतंच खरं आहे असं मला वाटत नाही. ज्यांना मत विचारलं जातं आणि नंतर ते मोजलं गेलं की नाही हे कळत नाही, अशा प्रत्येकाला ते लागू आहे. माझा भाचा त्यांतलाच एक होता. त्याच्या अर्जांचं काय झालं हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. खेळानं निदान त्याला टक्केवारी दाखवली होती.

ईदच्या आदल्या रात्री मी त्याला माझ्या पहाटेच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हणालो, "तू एकटा नसतास तरी ग्रह मिळाला असता. पण असा हिशेब प्रत्येकाला लावला तर एकेक करून सगळेच वजा होतात आणि ग्रह कुणीच घेतलेला नसतो. म्हणजे माझा प्रश्नच चुकला होता."

तो म्हणाला, "आणि तुमच्या कवितेचं?"

मी म्हणालो, "तिथेही हाच हिशेब लावून बघतोय. अजून जमलेला नाही."

पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली. आता खेळायला सवड मिळत नाही म्हणतो. पण यंदा ३ एप्रिलला सकाळी त्याचा निरोप आला. फक्त त्या जंगलाचं चित्र होतं, खाली एक अक्षर नव्हतं. मी उत्तरादाखल माझी एक जुनी गझल पाठवली. त्यानं ती वाचली की नाही, ते अजून कळलेलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)